निवाऱ्यातून दत्तक घेत असलेल्या मांजरीच्या पिल्लाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही रत्नागिरीजवळच्या एका गावात कौलारू घरात राहतो आणि प्राण्यांच्या निवाऱ्यातून अडीच महिन्यांचे मांजरीचे पिल्लू दत्तक घेत आहोत. भेटीला गेलो तेव्हा ते तासभर आईच्या पदराशी खेळले आणि त्याला परत ठेवताना तिचे डोळे भरून आले. तिहेरी लसीची (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरील एकत्रित लस) पहिली मात्रा त्याला मिळाली आहे. पुढील मात्रा ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने आणि रेबीजची लस पिल्लू १२ आठवड्यांचे झाल्यानंतर द्यायची, हे आम्हाला ठाऊक आहे.

खरी काळजी परसाची आहे. तेथे जांभ्याचा जुना गडगा असून त्याच्या फटींत पावसाळ्यात फुरसे हा विषारी साप आढळतो, आणि हे पिल्लू तर हलणाऱ्या प्रत्येक वस्तूवर झेप घेते. त्यामुळे निदान नसबंदी होईपर्यंत तरी त्याला घरातच ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. परंतु भिंत आणि वासे यांच्यामधील मोकळ्या जागेतून ते सहज बाहेर पडू शकेल आणि साधी लोखंडी जाळी खाऱ्या हवेत लवकर गंजते. अशा घरात कोणती जाळी टिकते आणि ती हवा न अडवता कशी बसवावी? तसेच दिवसभर आत राहणाऱ्या इतक्या खेळकर पिल्लाला सोबतीसाठी त्याच निवाऱ्यातील दुसरे पिल्लू आणणे योग्य ठरेल का? ज्यांनी किनारपट्टीवरील जुन्या घरात मांजर पाळले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर कळवावा.