घाट चढल्यावर स्टार्टर फिरत नाही

प्रश्न : माझी जुनी डिझेल जीप सकाळी एका चावीत सुरू होते, परंतु वरंध घाट चढून चहाला थांबलो की नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि इंजिन निवल्यावरच ती सुरू होते. बॅटरी नवीन आहे. स्टार्टर बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. गाडी तापलेली असताना, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, कोणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी स्विचच्या) बारीक वायरवर व्होल्ट मोजा. बॅटरीवर १२ आणि तिथे ८ दिसले, तर दोष बहुधा वायरीत आहे.

प्रश्नकर्ता : साडेसातच आले! मॅनिफोल्डजवळ (इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळीजवळ) वायरीचे वेष्टन बिस्किटासारखे तुटत होते, आतले तांबे काळे पडले होते.

दुसरे उत्तर : टेप गुंडाळून भागणार नाही. आधी बॅटरीची ऋण केबल काढा, तेवढ्याच जाडीची नवी वायर क्रिम्प करून (टोकाची क्लिप दाबून घट्ट बसवून) फायबरग्लासची स्लीव्ह चढवा आणि ती मॅनिफोल्डपासून दूर बांधा.