सिटी हायब्रिड की साधी पेट्रोल : दहा वर्षांचा हिशेब कसा मांडावा?

कोथरूडकर

नमस्कार. आमच्या घरची 2014 सालची पेट्रोल सेडान एक लाख चाळीस हजार किलोमीटर चालली असून तिच्या जागी नवी गाडी घेण्याचे ठरले आहे. आईला उंच गाडीत चढणे जड जाते, त्यामुळे एसयूव्हीचा विचार सोडून दिला आहे. आता होंडा सिटीची साधी पेट्रोल सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या स्वयंचलित गिअरची गाडी, आणि तिचीच ई:एचईव्ही, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विजेच्या मोटरवरही चालू शकणारी पूर्ण हायब्रिड, यांतून एक निवडायची आहे. सर्व सुविधा असलेल्या पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिड ऑन रोड 4 लाख 20 हजार रुपयांनी महाग पडते, असे मला सांगण्यात आले.

रोजचे जाणे-येणे कोथरूड ते हिंजवडी, दोन्ही वेळचे मिळून सुमारे 40 किलोमीटर आहे आणि त्यात भूमकर चौकातली रखडपट्टी रोजचीच आहे. वर्षातून सात-आठ वेळा कोल्हापूरला जाणे होते. सगळे धरून वर्षाला 15,000 किलोमीटर होतात. गाडी किमान दहा वर्षे ठेवायची आहे, कारण दर पाच वर्षांनी गाडी बदलणे आमच्या घरात कोणालाच पटत नाही.

पेट्रोलची बचत हा वरचा खर्च खरोखर भरून काढते का, हे मला समजून घ्यायचे आहे. त्याहून अधिक काळजी वाटते ती आठव्या-दहाव्या वर्षाची. बॅटरी गेली तर काय, आणि बॅटरीखेरीज आणखी काय काय जाऊ शकते? ज्यांनी हिशेब ठेवला आहे किंवा गाडी वापरली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जमाखर्च

कोथरूडकर, आपण वापराचे आकडे दिलेत म्हणून हिशेब मांडता येतो. कंपनीने जाहीर केलेले मायलेज बाजूला ठेवू. 2022 च्या मे महिन्यात ही हायब्रिड आली तेव्हा तिचा प्रमाणित आकडा लीटरला 26.5 किलोमीटर होता आणि पेट्रोल सीव्हीटीचा 18.4 होता, पण हिंजवडीच्या वाटेवर दोन्ही आकडे टिकणार नाहीत. मी शहरात पेट्रोलला 11 आणि हायब्रिडला 21 धरतो, तर महामार्गावर अनुक्रमे 16 आणि 20 धरतो.

आपल्या 15,000 पैकी 10,000 किलोमीटर शहरातले मानले, तर पेट्रोल गाडी तिथे 909 लीटर पिईल आणि हायब्रिड 476 लीटर. महामार्गाच्या 5,000 किलोमीटरांत फरक जेमतेम 62 लीटरांचा उरतो. एकूण वार्षिक बचत सुमारे 495 लीटर, म्हणजे 104 रुपये दराने साडेएकावन्न हजार रुपये. यातली जवळजवळ सगळी बचत शहरातल्या संथ किलोमीटरांतून येते, हे ध्यानात ठेवावे. आपण रोज सातारा रस्त्याने सुसाट जाणारे असता, तर मी याच ठिकाणी नकार दिला असता.

4 लाख 20 हजारांना या बचतीने भागले की सव्वाआठ वर्षांच्या आतबाहेर उत्तर येते, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. पण वरचे पैसे आज द्यायचे आहेत आणि बचत थोडी थोडी करून पुढे मिळणार आहे. तेच पैसे सात टक्क्यांनी ठेवले असते असे धरले आणि पेट्रोलचा दर आहे तिथेच राहिला, तर फेड साडेबारा वर्षांवर जाते. पेट्रोल दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढले असे मानले, तर ती दहा वर्षांवर येते. म्हणजे दहा वर्षे गाडी ठेवून आपण फार तर बरोबरीत सुटाल, आणि तेही एकही मोठी दुरुस्ती निघाली नाही तर.

विम्याबद्दल एक छोटी गोष्ट. हायब्रिड गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात साडेसात टक्के सूट आहे, पण 1000 ते 1500 सीसी गटाचा हप्ता 3,416 रुपये असल्याने ही सूट 256 रुपयेच होते. याउलट गाडीच्या नुकसानीचा हप्ता तिच्या किमतीवर ठरतो, म्हणून तो हायब्रिडला अधिक बसतो. महाराष्ट्रात रोड टॅक्सही किमतीच्या टक्केवारीने लागतो. उत्तर प्रदेशाने 2024 च्या जुलैत अशा गाड्यांचा नोंदणी कर माफ केला होता. तशी माफी हाती असती, तर हे गणितच वेगळे झाले असते.

घाटवाट

माझ्याकडे 2022 च्या डिसेंबरपासून हीच हायब्रिड आहे आणि ती 61,000 किलोमीटर चालली आहे. जमाखर्च साहेबांचे आकडे माझ्या वहीशी बऱ्यापैकी जुळतात. टाकी भरून ते टाकी भरून या पद्धतीने शहरात मला 20 ते 22 मिळतात. महामार्गावर ताशी 90 किलोमीटरला 22 येतात, पण काटा 120 कडे गेला की तो आकडा 17 वर घसरतो.

असे का होते हे कळले, तर टिकाऊपणाचाही अंदाज येतो. या गाडीत नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्स नाही. संथ गतीत चाके विजेच्या मोटरवर फिरतात आणि इंजिन दुसऱ्या मोटरला फिरवून वीज तयार करते. महामार्गावर गती स्थिरावली की एक क्लच इंजिनला थेट चाकांशी जोडतो. त्यामुळे सीव्हीटीचा पट्टा नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. दहा वर्षांत झिजणाऱ्या ज्या वस्तू पेट्रोल गाडीत असतात, त्यातल्या काही इथे मुळातच नाहीत, आणि हा मुद्दा हिशेबात कोणी धरत नाही. ब्रेकचेही तसेच. गती कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते, म्हणून माझे ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. मात्र पावसाळ्यात डिस्क कमी घासल्या जात असल्याने त्यांवर गंज धरतो. तेव्हा मोकळा रस्ता पाहून अधूनमधून ब्रेक जरा जोराने दाबावा लागतो.

आपली भीती बॅटरीची आहे, पण ती मला तितकीशी योग्य वाटत नाही. या गाडीच्या लिथियम-आयन बॅटरीत एक युनिट वीजसुद्धा मावत नाही, तर पूर्ण विजेच्या गाड्यांत तीस-चाळीस युनिटांच्या बॅटऱ्या असतात. गाडी तिला कधी तळापर्यंत रिकामी होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही, आणि अशा मधल्या पट्ट्यात ठेवलेल्या पेशी अधिक टिकतात. शिवाय बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी आहे. मला खरी काळजी वाटते ती बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची आणि त्याच्या जोडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांची. ते सहसा बिघडत नाहीत, पण बिघडलेच तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक त्यांना हात लावू शकत नाही. आठ वर्षांच्या वॉरंटीत ‘बॅटरी’ या शब्दाखाली नेमके काय येते, इन्व्हर्टर त्यात आहे की केवळ वाढीव वॉरंटीत आहे, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्या. बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या आजच्या किमतीचे कोटेशनही दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मागा. तोंडी सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो.

गैरसोय मला एकदाच झाली आणि ती माझ्या चुकीने. भर पावसाळ्यात गाडी तीन आठवडे गावी एकाच जागी उभी ठेवली आणि साधी 12 व्होल्टची बॅटरी उतरली. मोठी बॅटरी भरलेली असली, तरी ही छोटी बॅटरी मेली की गाडी जागी होत नाही आणि धक्का मारून सुरू करण्याची सोय नाही. जंप स्टार्टने काम झाले. तेव्हापासून जास्त दिवस बाहेर जायचे असले, तर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालू ठेवायला शेजाऱ्यांना सांगून जातो.

कोल्हापूरला जाताना खंबाटकी चढताना इंजिन मोठ्याने गुरगुरेल. ते वीज तयार करत असते, तेव्हा घाबरू नका. लांब उतारावर छोटी बॅटरी लवकर भरते आणि मग जास्तीची वीज खर्च करण्यासाठी गाडी पेट्रोल न जाळता इंजिन फिरवते, त्याचाही आवाज येतो. पहिल्या महिन्यात मी या आवाजापायी दोनदा सर्व्हिस सेंटर गाठले होते.

मेलबर्नवासी

मी पुण्याचाच, पण चौदा वर्षे मेलबर्नला आहे. माझी 2014 ची कॅमरी हायब्रिड इथल्याच आल्टोनाच्या कारखान्यात बनलेली आहे. तिथे हायब्रिड कॅमरी तयार होत असे आणि 2017 च्या ऑक्टोबरमध्ये तो कारखाना बंद झाला. मी ती जुनीच विकत घेतली होती. आज तिचे 2,60,000 किलोमीटर झाले आहेत आणि मुख्य बॅटरी पहिलीच आहे. या शहरातले टॅक्सीवाले वर्षानुवर्षे हीच गाडी चालवत आले आहेत. ज्यांची रोजची भाकरी गाडीवर अवलंबून आहे, ती माणसे गाडी उगाच निवडत नाहीत, म्हणून कोणत्याही जाहिरातीपेक्षा मला त्यांची निवड मोलाची वाटते.

मात्र माझा अनुभव आपल्या गाडीला जसाच्या तसा लावू नका. कॅमरीची जुनी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड आहे, सिटीची लिथियम-आयन आहे, आणि दोन्ही कंपन्यांची यंत्रणाही निराळी आहे. बॅटरीचा शत्रू मात्र सगळीकडे एकच, उष्णता. माझ्या गाडीत मागच्या सीटजवळच्या जाळीतून केबिनमधली हवा बॅटरीकडे ओढली जाते. आमच्या कुत्र्याचे केस त्या जाळीत आणि आतल्या पंख्यात कितीतरी महिने साचत होते आणि माझे लक्षच नव्हते. साफ केल्यावर पंख्याचा आवाज निम्म्यावर आला. सिटीतही हवा आत घेण्याची जागा कोठे आहे हे मालकाच्या पुस्तिकेत पाहून ती मोकळी ठेवा. पुण्यातल्या मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार असेल, तर सावलीच्या पार्किंगसाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

नाशिककर ताई

मला कोथरूडकरांना वेगळीच वाट सुचवावीशी वाटते. जमाखर्च दादांच्या हिशेबात गाडी न परवडण्याचे कारण सुरुवातीचा फरक हेच आहे. तो फरक दुसऱ्याच्या खिशातून गेला तर? मी यंदा 2022 ची हायब्रिड पहिल्या मालकाकडून घेतली. जुन्या बाजारात सेडानला गिऱ्हाईक कमी आणि हायब्रिडला लोक बॅटरीच्या धास्तीने कचरतात, त्यामुळे नवीन असताना दोन्ही गाड्यांच्या किमतीत असलेले अंतर मला निम्म्याहूनही कमी झालेले दिसले. बॅटरीच्या वॉरंटीची काही वर्षे अजून शिल्लक आहेत. हाच न्याय उलटा लावला, तर दहा वर्षांनी आपली नवी हायब्रिड विकताना वरच्या चार लाखांतले फारसे काही परत येईल, असे धरू नका.

जुनी पाहणार असाल, तर प्रत्येक सर्व्हिसची नोंद अधिकृत केंद्रातली आहे ना आणि वॉरंटी आपल्या नावावर होते ना, हे आधी तपासा. पुण्याची गाडी असेल, तर 2024 च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर पाणी शिरले होते हे लक्षात ठेवा. डिकीतला गालिचा उचलून खालचा पत्रा आणि सीटचे बोल्ट गंजले आहेत का ते पाहा, कारण या गाडीची बॅटरी मागच्या बाजूला, खालीच आहे. विमा घेताना इंजिनाच्या संरक्षणाची पुरवणी घेतली म्हणजे हायब्रिड बॅटरीचे पाण्याने झालेले नुकसानही त्यात आले, असे गृहीत धरू नये. पॉलिसीच्या शब्दांत ते असायला हवे.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. पार्किंग छपराखाली आहे, त्यामुळे उन्हाची चिंता नाही. इन्व्हर्टरचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता आणि त्याबद्दल उद्याच लेखी विचारतो. ताई, तुमच्या सूचनेवर घरात चर्चा झाली आणि बाबांचा जुन्या गाडीला असलेला विरोध बराच मावळला आहे.

पण लिहिताना एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली. आईच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर लांबच्या प्रवासाला आम्ही घडीची व्हीलचेअर बरोबर नेतो. साध्या सिटीची डिकी 506 लीटरची आहे आणि हायब्रिडची 306, हे आकडे मी माहितीपत्रकात वाचले होते, पण आईच्या खुर्चीशी त्यांचा संबंध जोडला नव्हता. कोल्हापूरला खुर्ची आणि चौघांच्या बॅगा एकदम न्याव्या लागतात.

घाटवाट

ही बाब पेट्रोलच्या हिशेबाइतकीच महत्त्वाची आहे. हायब्रिडची डिकी नुसती लहान नाही, तिची जमीनही उंच आहे, त्यामुळे आडवी ठेवायची वस्तू लीटरच्या आकड्यावरून कळते त्याहून लवकर अडते. आमच्या दोन मोठ्या बॅगा नीट बसतात, तिसरी मागच्या सीटवर जाते. खुर्चीची मोठी चाके काढता येत असतील, तर ती बसण्याची शक्यता आहे. चाके पक्की असतील, तर मला शंका वाटते. मीही कोथरूडातच राहतो. रविवारी सकाळी खुर्ची आणि दोन बॅगा घेऊन या, माझ्या गाडीत ठेवून पाहू. आईंनाही बरोबर आणा, म्हणजे मागच्या सीटवर बसणे-उठणे त्यांना कसे जमते तेही कळेल.