हार्प सीलची व्यापारी शिकार आता थांबवायला हवी

सागरमुक्ता:
हार्प सील हा उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातला सस्तन प्राणी. त्याची मादी तरंगत्या बर्फावर एकच पिल्लू घालते, जेमतेम बारा दिवस पाजते आणि निघून जाते. मागे राहिलेलं पिल्लू अंगातली चरबी जाळत पडून असतं, त्याला धड पोहताही येत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्याची पांढरी लव गळते. कॅनडाने 1987 मध्ये पांढऱ्या पिल्लांच्या व्यापारी शिकारीवर बंदी घातली, हे खरं. पण लव गळली की तेच पिल्लू मारायला मोकळं! मारले जाणारे बहुतेक सील तीन महिन्यांच्या आतले असतात, तेही मुख्यतः कातड्यासाठी. युरोपीय महासंघाने 2009 मध्ये सीलच्या वस्तूंना बाजार बंद केला. कॅनडा आणि नॉर्वेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. बंदीतल्या सवलतींवर तिथे आक्षेप निघाले, पण लोकांच्या नैतिक भावनेपोटी अशी बंदी घालता येते हे 2014 मध्ये मान्य झालं. मग कॅनडा सरकार अजून परवाने का देतं?

सेंटजॉन्सकर:
असहमत. मी नऊ वर्षं कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटावर राहतोय. 2 जुलै 1992 ला इथली कॉड माशाची मासेमारी बंद झाली आणि सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार एका फटक्यात गेला. वसंतात, दुसरं काही हाताशी नसताना, छोट्या बंदरांतली माणसं सीलवर चार पैसे मिळवतात. मांसही खातात. सीलच्या वल्ह्यासारख्या पायांच्या मांसाचा ‘फ्लिपर पाय’ (pie) हा पदार्थ इथे घरोघरी माहीत आहे. हा प्राणी 1970 च्या दशकात 20 लाखांच्या आसपास उरला होता, पुढे 70 लाखांवर गेला. नामशेष व्हायला टेकलेला नाही तो. आणि मासे कोण खातं, हेही सांगा की.

हर्णैचा पोरगा:
दादा, कॉड सीलने संपवला नाही. 1968 मध्ये त्या समुद्रातून 8 लाख टन कॉड उपसला होता, तो मुख्यतः परदेशी ट्रॉलरांनी. हार्प सीलच्या तोंडी जास्त करून कॅपलिनसारखे छोटे मासे जातात. आमच्याकडे कोकणातही हेच चालतं. जाळं फाटलं की पहिली शिवी डॉल्फिनला. माझे वडीलही देत. पण बांगडा कुठे गेला ते विचारा, पर्ससीन (अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी) आणि मासे खेचणाऱ्या एलईडी दिव्यांचं नाव सगळे हळू आवाजात घेतात. आता डॉल्फिन किंवा कासव सोडवायला जाळं कापलं तर सरकार 25 हजारांपर्यंत भरपाई देतं. पैसे हातात आले तसे कापणारे हातही पुढे आले. न्यूफाउंडलंडच्या माणसाला असं काही द्या, नुसती बंदी नको.

सेंटजॉन्सकर:
ट्रॉलरचं मान्य, ते इथला प्रत्येक म्हातारा सांगतो. पण सेंट लॉरेन्सच्या आखाताच्या दक्षिण भागात कॉड परत वाढत नाही, त्यामागे ग्रे सील ही दुसरी जात आहे असं शास्त्रज्ञच म्हणतात. सगळे सील एका मापाने मोजू नका.

उत्तरवारा:
इनुइटांचं, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या मूळ रहिवाशांचं, कुणीच बोललं नाही. युरोपची 1983 ची बंदी फक्त हार्प आणि हूडेड या दोन जातींच्या सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर होती. इनुइट मारतात तो मुख्यतः रिंग्ड सील, तोही घरात खायला. तरी सगळ्याच कातड्यांचा भाव कोसळला आणि बंदुकीच्या गोळ्या, पेट्रोल घ्यायचे पैसे संपले. 2009 च्या कायद्यात त्यांना सूट आहे, पण गिऱ्हाइकाला सीलच नको झाला तर सूट घेऊन काय करायचं? ताई, तुमच्या हळव्या मनाची किंमत नुनावुतमधल्या, म्हणजे कॅनडाच्या इनुइट प्रदेशातल्या, घरांनी मोजली.

सागरमुक्ता:
उत्तरवारा, हे मला पटलं. जे स्वतः खाण्यासाठी मारतात, त्यांच्या शिकारीला माझा विरोध नाही, आणि हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं.

पण 70 लाखांचा आकडा जुना झाला. आता अंदाज 44 लाखांच्या घरात आहे. त्याहून मोठी काळजी बर्फाची. 2010 च्या हिवाळ्यात सेंट लॉरेन्सच्या आखातात बर्फ जवळजवळ धरलाच नाही. बर्फ लवकर फुटला की पिल्लं बुडतात, चिरडतात. आणि पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, सरकारने किती मारायला परवानगी दिली? 4 लाख! ऑक्टोबर 2025 मध्ये आययूसीएनने (धोक्यातल्या प्रजातींची यादी करणारी जागतिक संस्था) हार्प सीलला ‘चिंता नाही’ या गटातून काढून संकटाच्या उंबरठ्यावरच्या गटात टाकलं, आणि हूडेड सीलला थेट संकटग्रस्त ठरवलं. कारण तेच, वितळणारा बर्फ.

सेंटजॉन्सकर:
बर्फाशी वाद नाही, तो मीही दर वर्षी कमी होताना बघतोय. पण तो वितळवला कुणी? या बंदरांतल्या लोकांनी नव्हे. परवानगी 4 लाखांची असली तरी गिऱ्हाईक नसल्याने प्रत्यक्षात मारतात त्याच्या फार कमी.

सागरमुक्ता:
मग तो आकडा खाली आणायला कुणाचं काय जातं? ज्या वर्षी बर्फ धरला नाही, त्या वर्षी एकही परवाना नको आणि बंदरांना भरपाई मिळावी. एवढ्यावर तरी तुम्ही माझ्याबरोबर याल का?

सेंटजॉन्सकर:
भरपाई आधी हातात पडणार असेल तर येईन.