सॅक्सनी उत्तरेकडून ड्रेस्डेनपर्यंत कशी पोचली?

प्रश्न
जर्मन सरदार घराण्यांची वंशावळ मांडतोय. ११७० च्या नकाशात सॅक्सनी उत्तरेला, ब्राउन्श्वाइग-ल्यूनेबुर्गच्या बाजूला दिसते; १५०० च्या नकाशात ड्रेस्डेनभोवती. मधे नेमकं काय घडलं? शिवाय एकच फ्रीडरिश एका तक्त्यात 'पहिला' आणि दुसऱ्यात 'चौथा' कसा?

प्रतिसाद १
लोक जागेवरच राहिले, ड्यूकचा किताब फिरला. ११८० मध्ये सम्राट बार्बारोसाने वेल्फ घराण्याच्या हाइनरिश 'सिंहा'कडून सॅक्सनी आणि बव्हेरिया दोन्ही काढून घेतले. बव्हेरिया व्हिटेल्सबाख घराण्याकडे गेला. सॅक्सनीचे तुकडे झाले: वेस्टफालियाचा भाग कोलोनच्या आर्चबिशपला, उरलेल्या भागासह किताब आस्कानिया घराण्याच्या बर्नहार्डला. बर्नहार्डची स्वतःची जमीन मात्र एल्बेच्या मध्यखोऱ्यात होती, त्यामुळे नावही तिकडेच रुजलं. वेल्फांची खाजगी मिळकत उत्तरेत शाबूत राहिली आणि १२३५ मध्ये तिचीच ब्राउन्श्वाइग-ल्यूनेबुर्ग ही डची (ड्यूकचा मुलूख) झाली.

पुढे आस्कानियांत लाउएनबुर्ग आणि विटेनबेर्ग अशा दोन पात्या पडल्या. १३५६ च्या सुवर्णपत्रात, म्हणजे सम्राटाच्या निवडीचे नियम ठरवणाऱ्या फर्मानात, सम्राट निवडायचं मत विटेनबेर्गला मिळालं. ती पाती १४२२ मध्ये निर्वंश झाली. लाउएनबुर्गकरांनी हक्क सांगितला, तरी १४२३ मध्ये राजा सिगिस्मुंडने इलेक्टरपद (सम्राट निवडायच्या मताचा मान) माइसेनच्या वेटिन घराण्याला दिलं. हुसाइटांविरुद्ध (बोहेमियातले धार्मिक बंडखोर) त्याला त्यांची मदत हवी होती. ड्रेस्डेन माइसेनमधलं. वेटिनांनी वरचढ किताब आपल्या सगळ्या मुलखाला लावला.

प्रतिसाद २
क्रमांक माणसाला नसतो, गादीला असतो. तुमचा फ्रीडरिश, म्हणजे १४२३ मध्ये इलेक्टर झालेला वेटिन, माइसेनचा मारग्रेव्ह (सीमाप्रांताचा सरदार) म्हणून चौथा, इलेक्टर म्हणून पहिला. हाइनरिश 'सिंह' सॅक्सनीत तिसरा आणि बव्हेरियात बारावा. नोंद करताना घराणं, पाती, गादी आणि त्या गादीवरची वर्षं असे वेगळे रकाने ठेवा. क्रमांक गादीच्या रकान्यात जाऊ द्या. नुसत्या 'हाइनरिश तिसरा'वर तक्ते जोडले की दोन माणसं एक होतात, आणि ती चूक चार पिढ्यांनंतर उघडी पडते.

प्रतिसाद ३
एक भर. सुवर्णपत्राने वाटणी बंद झाली असं समजू नका. अविभाज्य ठरला तो फक्त इलेक्टरपदाशी जोडलेला मुलूख. म्हणूनच १४८५ मध्ये लाइपझिगला एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्त या वेटिन भावांनी बाकीचा मुलूख वाटून घेतला. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने निवडायचं. आल्ब्रेख्तने माइसेनचा वाटा उचलला. विटेनबेर्ग इलेक्टरपदासह एर्न्स्टकडे राहिलं, चांदीच्या खाणींचं उत्पन्न सामाईक. १५४७ मध्ये इलेक्टरपद धाकट्या, म्हणजे आल्ब्रेख्तच्या पातीकडे गेलं, तेव्हा तक्त्यात तिथे बाण आडवा काढावा लागेल.

शिक्क्यांवरून घराणं ओळखणार असाल तर जपून. काळ्या-सोनेरी आडव्या पट्ट्यांवर तिरकी हिरवी पट्टी हे चिन्ह मूळ आस्कानियांचं. १४२३ नंतर ते वेटिनांनीही घेतलं. लाउएनबुर्ग आणि आनहाल्ट या आस्कानियांच्या उरलेल्या पात्यांनी सोडलं नाही. त्या सालानंतरच्या शिक्क्यावर शेजारी काय आहे ते बघा: सोनेरी ढालीवर काळा सिंह असेल तर माइसेन, म्हणजे वेटिन, अर्धा गरुड असेल तर आनहाल्ट.