कर्दळीचे परागकण अ‍ॅसिटोलिसिसमध्ये गायब होतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पासाठी कॉलेजच्या आवारातल्या फुलांच्या परागकणांच्या स्लाइड्स करतेय. पद्धत नेहमीचीच, अ‍ॅसिटोलिसिस, म्हणजे अ‍ॅसिडात तापवून कणाचं फक्त बाहेरचं कवच उरवायचं: ग्लेशियल (म्हणजे जवळजवळ बिनपाण्याच्या) अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने धुणं, मग नऊ भाग अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड आणि एक भाग तीव्र सल्फ्युरिक, वॉटर बाथ, सेंट्रिफ्यूज, पुन्हा ग्लेशियल, शेवटी पाणी.

जास्वंद झकास आली. सोनेरी-तपकिरी गोळे, काटे मोजून घ्या. कर्दळीचं मात्र काही कळेना. साध्या पाण्यात बघितलं तर टपोरे, बारीक काट्यांचे कण दिसतात. अ‍ॅसिडातून काढले की स्लाइडवर नुसत्या चिंध्या. पाच मिनिटं, तीन, दोन, सगळं करून झालं. सोनटक्क्याचीही तीच गत. अ‍ॅनहायड्राइड नियंत्रित रसायन, विभागात एकच बाटली आणि सर थेंब मोजून देतात. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
तुमचं काहीच चुकत नाहीये, फूल चुकीचं निवडलंय! अ‍ॅसिटोलिसिसमध्ये टिकतं ते फक्त बाह्यकवचातलं स्पोरोपोलेनिन नावाचं चिवट द्रव्य. जास्वंदीचं कवच दणकट असतं. कर्दळीचं म्हणजे नावापुरता पापुद्रा आणि वर काटे. जाडी सगळी आतल्या सेल्युलोज-पेक्टिनच्या थराची. तो थर अ‍ॅसिड खातं, मग पापुद्र्याला आधार कशाचा? आलं-हळदीच्या कुळात हेच होतं, सोनटक्का त्यातलाच. केळीच्या वाटेलाही जाऊ नका.

यांना अ‍ॅसिड नकोच. पराग स्लाइडवर झटका, अल्कोहोलचा एक थेंब सोडा. थेंब पसरताना परागावरचं तेल कडेला ढकलतो आणि एक चिकट वर्तुळ उमटतं. ते अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घ्या. मग बेसिक फ्यूक्सिन (गुलाबी रंग) घातलेल्या ग्लिसरीन जेलीचा ज्वारीएवढा तुकडा ठेवून हलकेच वितळवा. उकळू देऊ नका, नाहीतर बुडबुडेच मोजत बसाल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. फक्त दोन्ही पद्धतींची मापं एकाच तक्त्यात शेजारी शेजारी लावू नका. प्रक्रियेने कणांचा आकार बदलतो आणि जेलीत ते हळूहळू फुगतातही. आमच्या वेळी तोंडी परीक्षेत यावरच धरलं होतं.
आणि जास्वंदीसाठी अ‍ॅसिड वापराल तेव्हा नळ्या कोरड्या ठक्क हव्यात. अ‍ॅनहायड्राइड पाण्याशी भडकतं, मधलं ग्लेशियलचं धुणं त्यासाठीच असतं. सल्फ्युरिक थेंबाथेंबाने त्यात सोडायचं, उलटं नाही. आणि हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात).

धागाकर्ती
आज केलं. कर्दळ गुलाबी, गोल, काट्यांसकट! एक बुडबुडा नेमका सगळ्यात चांगल्या कणावर बसलाय, पण असू दे. सोनटक्क्याचे परागकोश 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेत. ते चालतील की ताजी फुलं आणू?

प्रतिसाद १
चालतील. परागकोश स्लाइडवर सुईने फोडा, अल्कोहोल उडू द्या, मग जेली.