डायनासोरच्या फिगरसोबत बेस यायलाच हवा का?

बुल्डीकर
टी-रेक्स, कार्नोटॉरससारखे दोन पायांवरचे फिगर मे महिन्यात पुढे झुकतात आणि एक दिवस आडवे होतात. चार पायांच्यांचं काही बिघडत नाही. कंपनीनं डब्यातच बेस, म्हणजे पायाखालची बैठक, द्यावा, की त्यानं नुसती किंमत वाढते? घरी करायचा तर कशाचा?

थेरोपॉडप्रेमी
भाऊ, बेसपेक्षा टेकू महत्त्वाचा. सगळा भार दोन बारीक घोट्यांवर येतो. हे फिगर पीव्हीसी प्लास्टिकचे, आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतं. खोली चाळिशी ओलांडते तेव्हा घोटा हळूहळू वाकत जातो. पंजे बेसला कितीही घट्ट बसवा, वाकायचा तो घोट्यातूनच वाकणार. पीएनएसओ ही फिगर बनवणारी कंपनी काही फिगरसोबत पारदर्शक दांडी देते, ते मला पटतं. ट्रायसेराटॉप्सला बेस म्हणजे कपाटातली जागा फुकट घालवणं.

घरी करायचं तर साइनबोर्डवाल्याकडून ५ मिमी ॲक्रेलिक कापून आणा, पंजांच्या घेरापेक्षा चारी बाजूंनी २ सेंमी मोठं. ४ मिमीची ॲक्रेलिक दांडी पोटाखाली, मांड्यांच्या किंचित पुढे येईल अशी बसवा. जोडायला क्लोरोफॉर्म, खिडकी उघडी ठेवा. दांडीच्या टोकाला सिलिकॉन नळीचा तुकडा चढवा, नाहीतर पोटाचा रंग घासला जातो.

आधी पाय सरळ करून घ्या. ७०-८० अंशांच्या पाण्यात एक-दोन मिनिटं फक्त पाय बुडवा. उकळत्या पाण्यात रंग सुटू शकतो. पाय जितका हवा त्यापेक्षा थोडा जास्त मागे वाकवून तसाच धरा आणि बर्फाच्या पाण्यात घाला. माठाच्या पाण्यानं भागत नाही.

एमडीएफवाला
थर्माकोलचा बेस अजिबात नको. फिगरमधलं प्लास्टिसायझर त्यात उतरतं, पंजे चिकटतात आणि खाली खड्डा पडतो. दृश्य उभारायचंच असेल तर एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीवर, उभारा. आणि कपाट कूलरच्या खिडकीला लागून असेल तर आधी ते हलवा, त्या थरथरीनं फिगर सरकत सरकत कडेला येतात.

लमेटा
सजवलेल्या बेसबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. स्टेगोसॉरसच्या पायाखाली हिरवळ दिसली की डोकं फिरतं. ज्युरासिकमधल्या गवताचा पुरावाच नाही. तिथे नेचे आणि सायकॅड (ताडासारखी दिसणारी प्राचीन झाडं) लावा. ज्युरासिकनंतरच्या क्रेटेशियस काळातल्या आपल्या लांबमान्या आयसिसॉरसला मात्र गवत चालेल. त्याची हाडं चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची, आणि त्याच भागातल्या पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तुरळक झुपके लावा, लॉन नको. कंपनीनं बेस द्यायचाच तर कोरा द्यावा, वर काय उगवायचं ते आपण बघू.

बुल्डीकर
दांडी पोटाला चिकटवायची का?

थेरोपॉडप्रेमी
नाही, नुसती टेकवा. धूळ पुसायला फिगर उचलावा लागतोच.