पुण्याची जुनी वेधशाळा आणि खोडदची दुर्बीण: वडिलांना नेमके काय दाखवावे?

मुळाकाठ

माझे वडील 74 वर्षांचे आहेत. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ फॅब्रिकेशनचे काम केले. इंग्रजी अमदानीत पुण्यात एक खगोलीय वेधशाळा होती आणि त्या काळातील देशातील सर्वांत मोठी दुर्बीण तिथेच होती, असे अलीकडे त्यांच्या वाचनात आले. तेव्हापासून ती जुनी दुर्बीण आणि नारायणगावजवळची खोडदची रेडिओ दुर्बीण या दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या, असे त्यांनी मनात धरले आहे. माझी आठवीतील मुलगीही सोबत येणार आहे आणि खोडदला दुर्बिणीला डोळा लावला की शनीची कडी दिसतील, अशी तिची समजूत आहे.

जुनी दुर्बीण आज कोठे आहे? आणि खोडदला गेल्यावर सामान्य माणसाने नेमके काय पाहावे? वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणे त्यांना झेपणार नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुने कागद

वडिलांनी वाचले ते खरे आहे, मात्र ती दुर्बीण आता पुण्यात नाही.

भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाला (म्हणजे शिवाजीनगरच्या आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेला) देणगी दिली, मुंबई सरकारने त्यात भर घातली आणि 1888 मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिचे सर्वस्व म्हणजे तेथील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली 20 इंची आरशाची दुर्बीण त्यांच्या हाताखाली होती. वीस इंच म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या एका हाताहून किंचित जास्त. एवढा आरसा त्या काळी भारतात दुसऱ्या कोणाकडेही नव्हता, आणि पुढेही कित्येक दशके याहून मोठी प्रकाशीय दुर्बीण देशात आली नाही.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही त्याच ग्रहणासाठी जेऊरला आले होते. आज रेल्वेने सोलापूरकडे जाताना जेऊर स्थानक मागे पडते, तेव्हा या शेतांत कधी काळी जगातील नामवंत खगोलशास्त्रज्ञांनी तळ ठोकला होता हे डब्यातील कोणाच्या ध्यानीमनीही नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ओघाने एक खुलासा करतो. विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी 1868 मध्ये हेलियम शोधला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गला आले ते याच 1898 च्या ग्रहणासाठी. 1868 मध्ये ते इंग्लंडमध्येच होते.

1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, त्यांच्या जागी ते काम पुढे नेणारे कोणी उभे राहिले नाही आणि वेधशाळा बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालच्या वेधशाळेकडे गेली. आपली दुर्बीण तेथे ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली गेली. ज्या पुण्यात तिने चोवीस वर्षे काढली, त्या गावाचे नाव मात्र तिला लागले नाही. वडिलांना हे सारे सांगून सीओईपीच्या परिसरातून एक फेरी मारून आणावे, एवढेच मी सुचवीन.

जुन्नरी

खोडद आमच्या तालुक्यात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट परवानगीची. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीची सहल कोणतीही पूर्वसूचना न देता तेथे गेली आणि दरवाजावरूनच परत फिरली. दोष सर्वस्वी आमचा होता. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास केंद्र सर्वांसाठी खुले असते आणि विद्यार्थ्यांचे मोठे विज्ञान प्रदर्शन भरते, पण गर्दी प्रचंड असते. वडिलांचे गुडघे लक्षात घेता इतर दिवसासाठी आधी लेखी परवानगी मिळवणे अधिक सोयीचे होईल.

ही एक दुर्बीण नसून 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. त्यांपैकी 14 मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटरात आहेत आणि उरलेल्या 16 तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत, त्यामुळे एका टोकाच्या डिशपासून दुसऱ्या टोकाच्या डिशपर्यंतचे अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. प्रत्येक डिशचे संकेत ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तेथे प्रत्येक डिशची इतर प्रत्येक डिशशी जोडी लावली जाते. अशा 435 जोड्या होतात. भुजांवरच्या काही डिश द्राक्षबागांच्या आणि टोमॅटोच्या शेतांच्या पलीकडे रस्त्यावरूनही दिसतात.

आपल्या वडिलांनी मुख्यतः पाहावी ती डिशची पाठ. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण आखली, तेव्हा एवढ्या मोठ्या डिश भरीव पत्र्याच्या करायच्या तर वाऱ्याचा दाब सोसण्यासाठी सांगाडा अवजड झाला असता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता. त्यांनी नळ्यांच्या वक्र चौकटींमध्ये स्टेनलेस स्टीलचे दोर ताणून बसवले आणि त्यांवर अर्धा मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बांधली. मधल्या भागात जाळीची घरे 10 मिलिमीटरची आहेत आणि कडेकडे ती 20 मिलिमीटरपर्यंत रुंदावत जातात. डिशच्या खाली उभे राहून वर पाहिले की जाळीतून ढग सरकताना दिसतात, आणि नीट निरखले तर पृष्ठभाग खरोखर गोलाईचा नसून लहान लहान सपाट तुकड्यांनी गोलाई साधली आहे, हेही कळते. ज्यांनी आयुष्यभर नळ्या वाकवल्या आणि वेल्डिंग केले, त्यांना येथे कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

मोबाइल मात्र पूर्ण बंद ठेवावा लागतो. चारही बाजूंच्या डोंगरांची आडोशासारखी मदत होते, म्हणून ही जागा निवडली गेली. तेथे आपणच खिशातून गोंगाट घेऊन जाणे बरे नव्हे.

रोहिणी

मुलीची निराशा होऊ नये म्हणून लिहिते. खोडदला डोळा लावण्याची सोय नाही, कारण तेथे प्रकाश नव्हे, तर रेडिओ लहरी टिपल्या जातात. शनीची कडी पाहण्यासाठी तिला ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला न्यावे. 1944 पासून पुण्यात चाललेली ही हौशी खगोलप्रेमींची देशातील सर्वांत जुनी संस्था आहे. तिने तेथे आधी शनी पाहिला, तर खोडदला ती अधिक चांगले प्रश्न विचारील, असा माझा शिक्षिका म्हणून अनुभव आहे.

मुळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वडिलांना मोठ्याने वाचून दाखवली. नायगमवालांचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांची एक शंका आहे: जाळीला एवढी भोके असताना लहरी आरपार निघून कशा जात नाहीत?

जुन्नरी

प्रश्न अगदी नेमका आहे. लहरीच्या लांबीच्या मानाने भोक पुष्कळ लहान असेल, तर त्या लहरीला जाळी भरीव पत्र्यासारखीच वाटते. हायड्रोजन वायूपासून येणारी लहर 21 सेंटिमीटर लांबीची असते आणि जाळीचे घर एक-दोन सेंटिमीटरचे. वारा आरपार जातो, लहर परतते. याच जाळीवरून परतलेल्या लहरींच्या आधारे, 7,653 दीर्घिकांचे (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे) अतिक्षीण संकेत एकत्र करून, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये किती हायड्रोजन होता याचे मोजमाप पुण्याच्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केले.

वडिलांना सांगावे की घरातील मायक्रोवेव्हच्या दारातील बारीक भोकांची जाळीही याच तत्त्वावर काम करते. निघण्याचा दिवस ठरला की येथे कळवावे. नारायणगावच्या बसस्थानकापासून पुढे खोडदपर्यंत मी आपल्यासोबत येईन.